संगीतशिक्षक अँथनी प्रभू गोन्साल्विस

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मगुरूंचीं, धर्मभगिनींचीं व दानशूर गृहस्थांचीं स्मरणें व्हावींत, हें सर्वथा योग्य आहे. परंतु ज्यांच्यावांचून कोणत्याहि धर्मग्रामाचा एकहि सण साजरा होत नाहीं, आणि तरीहि ज्यांचें नांव कोणत्याहि शिलालेखावर कोरलें जात नाहीं, असा एक वर्ग आपल्यांत पूर्वापार चालत आलेला आहे. तो म्हणजे चर्चच्या माळ्यावर उभें राहून गाणाऱ्यांचा व वाजविणाऱ्यांचा. त्या वर्गांतून निघालेल्या एका पुरुषाचें चरित्र येथें सांगावयाचें आहे. तो कोल्हापूरचा नव्हे, गोव्याचा. परंतु गोव्याचें संगीत ज्या दोन वाटांनीं देशावर आलें, त्यांपैकीं एक वाट थेट आपल्या करवीरनगरींत येऊन पोंचली होती, आणि दुसऱ्या वाटेवर हा पुरुष भेटतो. आपला धर्मग्राम पूर्वीं पुणें धर्मप्रांतांत होता. २००५ सालीं सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हांपासून आपण त्यांत आहों, आणि त्या धर्मप्रांताची सीमा गोव्याला भिडलेली आहे. तेव्हां हा विषय अगदींच परका आहे असें कोणी म्हणणार नाहीं, अशी आशा आहे.

अँथनी प्रभू गोन्साल्विस हें नांव वाचतांच बहुतेक वाचकांच्या मुखावर हसूं उमटेल, हें मी जाणतों. १९७७ सालीं मनमोहन देसाई यांचा ‘अमर अकबर अँथनी’ हा बोलपट प्रदर्शित झाला. त्यांत ईस्टरच्या नाचाच्या प्रसंगीं एका प्रचंड अंड्यांतून नायक बाहेर पडतो आणि गात गात आपलें नांव अँथनी गोन्साल्विस असें सांगतो. तेव्हांपासून आपल्यांतील त्या आडनांवाच्या मुलांना शाळेंत, बाजारांत, तालमींत तें गाणें ऐकून घ्यावें लागलेलें आहे. हिंदी बोलपटांतील ख्रिस्ती मनुष्य बहुधा मद्यपी, विदूषक किंवा हॉटेलांतला नोकर असावयाचा. तेव्हां हेंहि एक थट्टेसाठीं योजलेलें नांव असावें, असें लोकांनीं गृहीत धरलें. वस्तुतः तें एका शिष्यानें कृतज्ञतेनें घेतलेलें आपल्या गुरूचें नांव आहे. तो शिष्य म्हणजे त्या बोलपटाच्या संगीतकार-जोडीपैकीं प्यारेलाल, आणि ते गुरु म्हणजे आपले हे चरित्रनायक.

गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ सालीं गोव्याच्या साष्टी तालुक्यांतील माजोर्डें या समुद्रकांठच्या गांवीं झाला. वडील तेथील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. नांवांतील ‘प्रभू’ हा शब्द कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. धर्मांतरापूर्वींचें आडनांव घराण्याची ओळख म्हणून स्मरणांत ठेवण्याची चाल गोव्यांतील अनेक ख्रिस्ती कुटुंबांत आहे. पुष्कळ जण तें केवळ मनांत ठेवतात. गोन्साल्विस यांनीं तें आपल्या सहीत आणलें. त्यांच्या पुढील आयुष्याचा सारा कल या एका शब्दांत दिसतो, असें मला वाटतें.

त्यांचें पहिलें शिक्षण समजून घ्यावयाचें तर गोव्यांतील चर्चच्या शाळा कशा होत्या हें पाहिलें पाहिजे. सोळाव्या शतकापासून तेथें चर्चला लागून शाळा असत, आणि त्यांत धर्मशिक्षणाबरोबर संगीत शिकविलें जाई. शिकविणाऱ्यास ‘मेस्त’ म्हणत. पांच रेघांवर मांडलेले स्वर डोळ्यांनीं वाचून ते तोंडानें अचूक म्हणणें, ही त्या शिक्षणाची पहिली पायरी. तिला ‘सोल्फा’ म्हणत. ती चढल्यावर व्हायोलिन हातीं येई. मग लॅटिन मिस्साचीं गीतें, उपासकाळांतील मोतेत, संतांच्या सणांचीं स्तोत्रें, आणि गांवोगांवच्या क्रुसांपुढें म्हणावयाच्या लदिनी. कोंकणपट्टींतून वर आलेल्या आपल्या कुटुंबांतील वृद्धांना व्हायोलिनच्या साथीनें दोन आवाजांत म्हटलेल्या लदिनीचे सूर अजून आठवत असतील. नारळाच्या झाडांवर चढणाऱ्याचा किंवा पडाव हांकणाऱ्याचा मुलगा, ज्याला धड दोन ओळी पत्र लिहितां येत नसे, तो रोम किंवा लिस्बनहून छापून आलेला स्वरपट सरळ वाचून वाजवी. आपल्याकडील थोर गवयांनाहि ही विद्या नव्हती, आणि त्यांना तिची गरजहि नव्हती. कारण त्यांची विद्या गुरुमुखांतून शिष्याच्या कानांत जाई. येथें कोण श्रेष्ठ हा प्रश्न नाहीं. दोन निराळ्या विद्या होत्या, आणि त्या एकमेकींस ओळखत नव्हत्या.

गोव्यांत त्या काळीं पोटापुरतें काम मिळेना, म्हणून ही वाचनाची विद्याच मुलांची शिदोरी झाली. ब्रिटिश हिंदुस्थानांतील पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड, सर्कशी, आगबोटी, मोठमोठीं हॉटेलें, मूकपटांचीं थिएटरें, जेथें जेथें कागद पाहून वाजविणारा माणूस हवा होता, तेथें तेथें गोव्याचा ख्रिस्ती वादक पोंचला. १९३१ सालीं ‘आलम आरा’ बोलूं लागला तेव्हां मूकपटांपुढें वाजविणाऱ्यांची रोजी गेली. परंतु थोड्याच वर्षांत त्याच लोकांना बोलपटांच्या स्टुडिओंत पूर्वीहून अधिक काम मिळूं लागलें.

आतां दुसरी वाट. ती आपल्या गांवांत येते. छत्रपति शाहू महाराजांनीं १८९५ सालीं उस्ताद अल्लादियाखां यांना दरबारगायक म्हणून कोल्हापुरास आश्रय दिला, आणि महाराज १९२२ सालीं निवर्तेपर्यंत खांसाहेबांचें वास्तव्य मुख्यतः येथें होतें. जयपूर-अत्रौली गायकीची गंगा महाराष्ट्रांत वाहिली ती कोल्हापुरांतून. तिचें पाणी भरावयास ज्या आल्या, त्यांत गोव्याच्या देवळांच्या परिसरांत वाढलेल्या कन्या अग्रभागीं होत्या. केरीच्या केसरबाई केरकर या अगदीं बालवयांत अब्दुल करीमखां यांच्याकडे शिकण्यासाठीं कोल्हापुरास आल्या होत्या. पुढें त्या अल्लादियाखां यांच्या शिष्या झाल्या. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर यांनींहि खांसाहेबांचाच गंडा बांधला. म्हणजे गोव्याच्या देवळाकडून राग घाट चढून वर आला, आणि गोव्याच्या चर्चकडून स्वरलेखन मुंबईस गेलें. एकाच चिमुकल्या मुलखांतून निघालेले हे दोन प्रवाह शेंकडों वर्षें शेजारीं असूनहि एकमेकांत मिसळले नव्हते.

ते कां मिसळले नव्हते, हेंहि आपण मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. ज्युबिलीच्या आनंदांत तें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. मंगेशाचें मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचें कुठ्ठाळी, हें माजोर्ड्यापासून फार दूर नाहीं. पोर्तुगीज राज्यकर्त्यांनीं देवळें पाडण्याचें सत्र आरंभिलें तेव्हां, सोळाव्या शतकांत, भक्तांनीं तें लिंग जुवारी नदीपलीकडे प्रियोळास नेलें. तेंच आजचें मंगेशी. नदीच्या अलीकडे चर्चचें संगीत वाढलें, पलीकडे देवळाचें. दोन्हींकडे लोक एकाच भाषेंत बोलत राहिले आणि दोन निराळ्या संगीतांत प्रार्थना करीत राहिले. ही नदी ओलांडण्याचा जो प्रयत्न पुढें मुंबईंत झाला, तोच गोन्साल्विस यांच्या चरित्राचा गाभा आहे.

१९४३ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, ते मुंबईस आले आणि संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिनवादक म्हणून लागले. स्टुडिओंतील कामाची रीत अशी असे: संगीतकार हार्मोनियमवर आपली चाल बसवी व गाऊन दाखवी. ही चाल रागाच्या संस्कारांतून आलेली असे, आणि ती कागदावर नसून त्याच्या डोक्यांत असे. मग ज्यास त्या धंद्यांत ‘अरेंजर’ म्हणतात तो ती चाल ऐकून रेघांवर उतरवी. प्रत्येक वाद्यानें काय वाजवावयाचें तें निरनिराळें लिहून काढी. गायकाच्या दोन ओळींमधील मोकळी जागा वाद्यांनीं कशी भरावी तें ठरवी. आणि कोठें व्हायोलिनें एकत्र उठवावयाचीं व कोठें एकट्या बांसरीस सोडावयाचें हेंहि बहुधा तोच योजी. ध्वनिमुद्रण एकाच दमांत करावें लागे. चाळीस वादकांपैकीं एकानें चूक केली कीं सारें गाणें पुन्हां आरंभापासून. अशा वेळीं पाहून अचूक वाजविणाऱ्याची किंमत किती, हें सांगावयास नको. नौशाद यांनीं ‘आन’ (१९५२) या बोलपटासाठीं शंभर वादकांचा ताफा उभा केला, असें सांगतात. असा ताफा कागदावांचून उभाच राहूं शकत नाहीं.

आणि तरीहि श्रेयनामावलींत या लिहिणाऱ्यांचीं नांवें बहुतेक वेळां नसत. शंकर-जयकिशन यांच्यासाठीं बरींच वर्षें लिहिणारे सेबॅस्टियन डिसूझा, सी. रामचंद्र यांच्या गाण्यांत आपली तुतारी व आपलें लेखन दोन्हीं ओतणारे अँतोनियो वाझ ऊर्फ चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांद, हीं सर्व माणसें गोव्याच्या चर्चच्या शाळांतून किंवा त्या वातावरणांतून आलेलीं. सारा देश त्यांचे सूर गुणगुणत होता; त्यांना ओळखत कोणी नव्हतें. मुख्य चाल संगीतकाराचीच असे आणि तिचें श्रेय त्यालाच मिळालें पाहिजे, हें खरें. पण घर बांधणाऱ्या गवंड्याचें नांव कोनशिलेवर नाहीं तरी निदान हिशेबाच्या वहींत तरी असावें, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

गोन्साल्विस यांनीं हें काम उत्तम केलें. अरेंजर व वादक म्हणून ‘महल’ (१९४९), ‘नया दौर’ (१९५७) यांसारख्या बोलपटांच्या संगीतांत त्यांचा हात होता. परंतु इतरांहून त्यांचें एक वेगळेपण होतें. संगीतकाराच्या तोंडून येणारी चाल उतरवून घेतां घेतां ते त्या चालीच्या मुळाकडे ओढले गेले. राग म्हणजे काय, एकाच स्वराचें एका रागांत एक रूप व दुसऱ्यांत दुसरें कां, याचा त्यांनीं स्वतंत्रपणें अभ्यास आरंभिला. धंद्यासाठीं एवढ्या खोलांत जाण्याची गरज नव्हती. चर्चच्या माळ्यावर वाढलेला मुलगा नदीच्या पलीकडे काय आहे तें पाहूं लागला.

दुसरें वेगळेपण म्हणजे शिकविण्याची हौस. वांद्र्याच्या आपल्या घरीं ते व्हायोलिन व स्वरलेखन शिकवीत. त्यांच्याकडे आलेल्या मुलांत पंडित रामप्रसाद शर्मा या तुतारीवादकाचा मुलगा होता. तो म्हणजे १९४० सालीं जन्मलेला प्यारेलाल. राहुलदेव बर्मन यांचेंहि नांव त्यांच्या शिष्यांत घेतात. जी विद्या पूर्वीं केवळ चर्चच्या आवारांत मिळे, ती या माणसानें कोणाचाहि धर्म न विचारतां आपल्या बैठकीच्या खोलींत वाटली. पुढच्या पिढींतील हिंदी बोलपटसंगीतांत व्हायोलिनांचे जे मोठाले थवे उठूं लागले, त्यांच्या मुळाशीं अशा खोल्यांतील वर्षानुवर्षांची घोटवणूक आहे. प्यारेलाल यांनीं लक्ष्मीकांत यांच्यासमवेत जेवढ्या बोलपटांना संगीत दिलें, त्यांची संख्या शेंकड्यांनीं मोजावी लागते. त्यांच्या वाद्यवृंदाची बांधणी ऐकतांना माजोर्ड्याच्या मेस्ताची शिस्त शोधणाऱ्यास ती सांपडेल.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड होती. रागावर आधारलेली, पण पाश्चात्त्य पद्धतीच्या पूर्ण वाद्यवृंदासाठीं लिहिलेली रचना करावी, हें त्यांनीं मनाशीं घेतलें. ‘सोनातिना इंडियाना’, सारंग रागांतील एक कॉन्चेर्टो, तोडी थाटांतील दुसरा कॉन्चेर्टो, अशा रचना त्यांनीं लिहिल्या. कॉन्चेर्टो म्हणजे एका प्रमुख वाद्यानें साऱ्या वृंदाशीं केलेला संवाद. यांत अडचण काय, तें थोडें उलगडून सांगतों. पाश्चात्त्य संगीतांत एका वेळीं तीन किंवा अधिक स्वर मिळून वाजतात, आणि त्यांतील सर्वांत साधा मेळ म्हणजे सा, ग, प. आतां सारंगांत गांधार मुळींच नाहीं, आणि धैवतहि नाहीं. गांधार घ्यावा तर राग बुडतो. न घ्यावा तर पाश्चात्त्य कानाला मेळ पोकळ भासतो. तोडीच्या थाटाची अडचण निराळी. तेथें रिषभ, गांधार व धैवत कोमल आणि मध्यम तीव्र. कोमल रिषभ षड्जाला चिकटून आणि तीव्र मध्यम पंचमाला चिकटून. एकामागून एक आले तर ते स्वर काळजाला भिडतात. एकाच वेळीं वाजविले तर कानाला टोंचतात. म्हणजे जें गायकाच्या गळ्यांत अमृत, तेंच वृंदाच्या मेळांत कडू होऊं शकतें. ज्याला दोन्हीं विद्यांची खरी ओळख आहे त्यालाच ही पंचाईत कळते. वरवरच्या मिश्रणाचा धंदा करणाऱ्यास ती कधीं जाणवतच नाहीं.

शिवाय वृंद तरी कोठून आणावयाचा? व्हायोलिनवाले मुंबईंत पुष्कळ होते. पण पाश्चात्त्य वृंदांत फुंकवाद्यांचा एक संपूर्ण गट लागतो, आणि त्यांत ओबो नांवाचें जें वाद्य असतें तें तर दुर्मिळच. ओबो हा आपल्या सनईचा सख्खा भाऊ समजावा. दोन्हींत वेताची दुहेरी पात ओठांत धरून फुंकावयाची. दोन्हींची धाटणी निमुळती. दोन्हींचा आवाज थोडा अनुनासिक पण अंतःकरणाला जाऊन भिडणारा. अंबाबाईच्या देवळाकडून पहांटेच्या वाऱ्यावर येणारी सनई ज्यांनीं ऐकली आहे त्यांना ओबोच्या सुराची कल्पना येईल. सारा पाश्चात्त्य वृंद वादनापूर्वीं आपलीं वाद्यें ओबोच्या एका स्वराशीं मिळवून घेतो. आपल्याकडे तंबोऱ्याला जो मान, तो तेवढ्या क्षणापुरता तेथें ओबोला. पण तो वाजविणारा आपली पात स्वतः तासून सिद्ध करतो, आणि ती कला शिकण्यासच वर्षें जातात. मेहली मेहता यांनीं १९३५ सालीं मुंबईंत सिंफनी वाद्यवृंद स्थापिला तेव्हांहि तंतुवाद्यांसाठीं पारशी व गोंयकार मिळाले, पण फुंकवाद्यांसाठीं नौदलाच्या बँडाकडे जावें लागे. सनईच्या या देशांत तिच्या भावाला घर मिळालें नाहीं, याचें नवल वाटतें. कारण उघड आहे: तो शिकविणारी शाळाच नव्हती.

अशा स्थितींत १९५८ सालीं गोन्साल्विस यांनीं ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकांत त्याचा प्रयोग घडवून आणला. हें कॉलेज येशूसंघीय धर्मगुरूंनीं १८६९ सालीं स्थापिलेलें; ज्या जर्मन येशूसंघीयांनीं पुढें पुणें धर्मप्रांताची, म्हणजे आपल्या या बाजूचीहि, सेवा केली, त्यांच्याच परंपरेंतलें. शंभराहून अधिक कलावंत त्या प्रयोगांत होते, आणि मुख्य गायक म्हणून मन्ना डे व लता मंगेशकर यांनीं भाग घेतला.

लताबाईंचें नांव येथें येतांच कोल्हापूरकरांचे कान टवकारतील. १९४२ सालीं मास्टर दीनानाथ वारले तेव्हां लताबाई अवघ्या बारा-तेरा वर्षांच्या होत्या. त्या कुटुंबाचा भार अंगावर घेऊन मास्टर विनायक यांच्याकडे कामास लागल्या, आणि विनायकरावांची प्रफुल्ल पिक्चर्स कोल्हापुरांत होती तोंवर त्यांचें वास्तव्य येथेंच होतें. १९४५ सालीं कंपनी मुंबईस गेली आणि तिच्याबरोबर त्याहि गेल्या. दीनानाथ मूळचे मंगेशीचे. म्हणजे सेंट झेवियर्सच्या त्या चौकांत मंगेशीच्या घराण्याचा गळा आणि माजोर्ड्याच्या चर्चचें स्वरलेखन एका व्यासपीठावर आलें. शेंकडों वर्षांपूर्वीं जुवारीच्या पाण्यानें जें दुभंगलें होतें, तें एका ख्रिस्ती महाविद्यालयाच्या अंगणांत एका संध्याकाळपुरतें जुळलें. लोकांनीं त्याकडे एक मोठी मैफल म्हणून पाहिलें. माझ्या मतें गोव्याच्या व महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासांत त्या प्रयोगाला याहून पुष्कळ मोठें स्थान मिळावयास हवें होतें.

तें मिळालें नाहीं. एवढा वृंद पोसण्यास राजाश्रय किंवा श्रीमंतांचा कायमचा आधार लागतो. स्टुडिओंतील रोजच्या मजुरीवर तो चालत नाहीं. पाश्चात्त्य संगीताच्या रसिकांना रागांत रस नव्हता, आणि रागदारीच्या रसिकांना वृंद म्हणजे गोंगाट वाटे. दोन्हीं घरांचा पाहुणा बहुधा उपाशी राहतो.

१९६५ च्या सुमारास ते अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्याच्या सिराक्यूज विद्यापीठाच्या प्रवासवृत्तीवर तिकडे गेले. मेहली मेहता त्यापूर्वींच देश सोडून गेले होते. इंग्लंडांत मँचेस्टरच्या हॅले वृंदांत वाजवून ते अमेरिकेस पोंचले, आणि १९६४ पासून लॉस एंजेलिस येथें कॅलिफोर्निया विद्यापीठांत वृंदवादन शिकवूं लागले. मुंबईचे दोन व्हायोलिनवादक, एक पारशी व एक ख्रिस्ती, दोघांनाहि विद्यापीठाचें दार उघडें मिळालें तें परदेशांत. आपल्याकडे विद्यापीठें नव्हतीं असें नाहीं. आपल्या कोल्हापुरांतच १९६२ सालीं शिवाजी विद्यापीठ स्थापन झालें, आणि तेथें संगीताचा विभागहि आला. गायन, तबला, नाट्य यांची तेथील उपासना सर्वांस ठाऊक आहे. पण चर्चच्या शाळेंतून आलेली वाचनाची व वृंदाची विद्या ही आपल्या देशाची विद्या आहे, असें कोणत्याच विद्यापीठास त्या काळीं वाटलें नाहीं. तिच्याकडे परकी म्हणून पाहिलें गेलें. वास्तविक ती येथें चारशें वर्षें नांदत होती.

याच सुमारास रोममध्यें दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती. ४ डिसेंबर १९६३ रोजीं प्रसिद्ध झालेल्या उपासनाविषयक आदेशांत त्या त्या देशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेंत योग्य मान द्यावा, असें स्पष्ट म्हटलें आहे. १९०३ सालीं दहावे पायस यांनीं चर्चमधील वाद्यांवर कडक बंधनें घातलीं होतीं. साठ वर्षांनीं वारें किती फिरलें तें यावरून दिसेल. अंधेरीच्या ज्ञान आश्रमांत फादर जॉर्ज प्रॉक्श रागांवर ख्रिस्ती भजनें बसवूं लागले, मराठींत मिस्साबलिदान सुरू झालें, पेटी व तबला चर्चमध्यें आला. हें सर्व इष्टच झालें. पण त्याबरोबर एक गोष्ट नकळत हातची गेली. लॅटिन गेली तेव्हां तिच्यासंगें पांच रेघाहि गेल्या. आज बहुतेक धर्मग्रामांत कीबोर्डाची कळ दाबली कीं ठेका आपोआप सुरू होतो आणि गायकवृंद चाल ऐकून पाठ करतो. गोन्साल्विस यांना राग हवा होता. पण त्यासाठीं रेघा टाकून द्याव्यात असें त्यांस कधीं वाटलें नाहीं. त्यांनीं दोन्हीं धरल्या होत्या. आपल्या धर्मग्रामांत गळा असलेलीं मुलें आहेत, व्हायोलिन घरीं धूळ खात पडलेलीं कुटुंबेंहि असतील. त्यांना स्वरवाचन शिकविणारा एक मनुष्य आठवड्यांतून एकदां मिळाला, तर ज्युबिलीच्या मंडपावर झालेल्या खर्चापेक्षां त्याचा खर्च अधिक खचित होणार नाहीं.

अमेरिकेहून परतल्यावर गोन्साल्विस पुन्हां बोलपटांकडे वळले नाहींत. ते माजोर्ड्यास येऊन राहिले आणि मुंबईच्या त्या गजबजलेल्या दुनियेंत त्यांचें नांव हळूहळू निघेनासें झालें. अशा वेळीं १९७७ सालचें तें गाणें आलें. प्यारेलाल यांनीं पुढें सांगितल्याप्रमाणें नायकाचें आडनांव आधीं फर्नांडिस ठरलें होतें, पण तें चालींत नीट बसेना. तेव्हां त्यांनीं आपल्या गुरूचें आडनांव सुचविलें, गीतकार आनंद बक्षी यांनीं तें स्वीकारलें, आणि किशोरकुमार यांच्या आवाजांत तें खेड्यापाड्यांतून गाजलें. ज्याचें नांव श्रेयनामावलींत क्वचितच आलें, त्याचें नांव साऱ्या देशाच्या तोंडीं झालें. पण तो कोण, हें शंभरांत एकासहि ठाऊक नव्हतें.

१८ जानेवारी २०१२ रोजीं गोव्यांत त्यांचें देहावसान झालें. त्याआधीं मराठी चित्रपटसमीक्षक अशोक राणे यांनीं त्यांच्यावर एक माहितीपट तयार केला होता. आपल्या युवक मंडळानें तो मिळवून धर्मग्रामाच्या सभागृहांत एकदां दाखवावा, आणि त्या दिवशीं गायकवृंदांतील मुलांना पुढच्या रांगेंत बसवावें, अशी माझी सूचना आहे.